सॅयनॅत्सालो: पालिका विलीन झाली, तिचं भवन उभं आहे

फिनलंडमधल्या युवास्क्युला शहराच्या दक्षिणेला, पॅइयॅने तलावातल्या एका बेटावर सॅयनॅत्सालो आहे. प्लायवूडच्या कारखान्याभोवती वाढलेलं हे गाव १९२४मध्ये स्वतंत्र पालिका झालं आणि १९९३मध्ये शहरात विलीन झालं. आम्ही गेलो ते फिनिश वास्तुरचनाकार आल्व्हार आल्टोने बांधलेलं पालिकाभवन बघायला. १९४९च्या स्पर्धेत त्याचा आराखडा निवडला गेला आणि १९५२मध्ये इमारत पूर्ण झाली. जेमतेम तीन हजार वस्तीच्या गावाने एवढी हिंमत केली, याचं मला फार कौतुक वाटतं.

हेलसिंकीहून युवास्क्युलाला रेल्वेने साधारण साडेतीन तास लागतात. पुढे ‘लिंक्की’ची शहर बस घ्यायची. शनिवार-रविवारी बस कमी असतात, तेव्हा परतीची वेळ आधीच बघून ठेवावी.

इमारतीत शिरायच्या आधी बाहेरून एक पूर्ण चक्कर मारा. तळमजला दुकानांसाठी होता. पालिकेचा कारभार वाढला की दुकानं हलवून तिथे कार्यालयं थाटायची, असा हिशोब होता. वरच्या मजल्यावर चौक आहे. पाया खणताना निघालेली माती मधोमध भरून तो उंच केलाय. एका बाजूला ग्रंथालय, उरलेल्या तिन्ही बाजूंना पालिकेची कार्यालयं अशी मूळ रचना होती. चौकात जायला दोन जिने आहेत: पूर्वेला ग्रॅनाइटचा, पश्चिमेला लाकडी कडांमध्ये माती भरून गवत लावलेला. गवताचा जिना फोटोत सुंदर दिसतो, पण पावसात निसरडा होतो आणि बर्फात त्याच्या कडा दिसेनाशा होतात. अशा वेळी ग्रॅनाइटच्याच जिन्याने जावं.

विटांकडे जवळून बघा. काही विटा मुद्दाम किंचित तिरक्या बसवल्यात, त्यामुळे भिंत सपाट राहत नाही. ऊन तिरपं असलं की प्रत्येक विटेची बारीक सावली पडते; ढगाळ दिवशी मात्र तीच भिंत निर्जीव वाटते. म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जावं. डिसेंबरात उजेड पाचेक तासच असतो, तेव्हा दुपार हाताशी धरावी. दारांच्या मुठींवर चामड्याची पट्टी गुंडाळलेली आहे. कडाक्याच्या थंडीत धातूला हात लावावा लागत नाही.

सभागृहाकडे जाणारा जिना आणि त्याच्या भिंती विटांच्याच. अरुंद, अंधुक वाटेने वळत वर गेलं की एकदम लाकडी जमीन लागते आणि पावलांचा आवाज बदलतो. आतही उजेड बेताचाच. छप्पर दोन लाकडी कैच्यांनी, म्हणजे छताचा भार घेणाऱ्या सांगाड्यांनी, पेललंय. प्रत्येकीतून फुलपाखराच्या पंखांसारखे वासे पसरतात. एका जागेवरून इतक्या ठिकाणी आधार मिळतो, म्हणून मधल्या कैच्या लागत नाहीत आणि छताच्या थरांमध्ये हवा खेळती राहते. सभागृहाची उंची १७ मीटर. लहान गावाला एवढं उंच सभागृह कशाला, असं विचारल्यावर आल्टोने इटलीतल्या सिएना शहराच्या पालिकाभवनाचा दाखला दिला होता म्हणे: तिथलं सभागृह १६ मीटर, तर आपलं १७! सभागृहासाठी मार्गदर्शकासोबतची फेरी आधी ठरवून घ्या, नाहीतर चौकातूनच परतावं लागेल. फ्लॅशने वासे सपाट दिसतात. कॅमेरा टेकवून सावकाश फोटो घ्या.

दिवस हाताशी असेल तर पूल ओलांडून शेजारच्या मूरात्सालो बेटावर जा. तिथे आल्टोचं प्रायोगिक घर आहे. बाहेरून भिंती पांढऱ्या. आत अंगणात मात्र सुमारे पन्नास चौकटींत वेगवेगळ्या आकारांच्या विटा आणि फरश्या निरनिराळ्या पद्धतीने बसवून बघितल्यात. हवेत काय टिकतं, काय फुटतं, ते तपासायला. घर फक्त उन्हाळ्यात आणि आधी आरक्षण केलं तरच बघता येतं. तिथपर्यंतची वाट झाडांतून, मुळं आणि खडकांवरून जाते. चांगल्या पकडीचे बूट घाला आणि जुलैत डासांचं मलम विसरू नका.