ॲप असताना तानपुरा कशाला?

गाणं शिकणाऱ्या मुलांचे पालक हटकून विचारतात, "मोबाइलवर तानपुरा फुकट वाजतो, मग मिरजेला जाऊन विकत कशाला घ्यायचा?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर.

रोजच्या रियाजाला ॲप चालतं. सूर उतरत नाही, एसटीत मांडीवर सांभाळावं लागत नाही. फक्त बाहेरचा बरा स्पीकर जोडा. काळी एक पट्टीच्या तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालच्या 'सा'ची जाड तार, साधारण ६९ हर्ट्झचा असतो. मोबाइलच्या इवल्या स्पीकरातून तो निघतच नाही.

ॲपमुळे मोडते ती तारा जुळवायची सवय. ॲपात पट्टी निवडली की झालं. तानपुऱ्यावर आधी जोडीतली, म्हणजे मधल्या दोन तारांतली, एक तार षड्जाला ('सा'ला) लावायची (हा षड्ज खुशाल ॲपवरून घ्या). दुसरी तिला मिळवताना आवाजात लाटा उठतात. त्या मंदावत थांबल्या की जोडी मिळाली. मग खर्ज, मग पहिली तार पंचमाला ('प'ला), मालकंस रागाला मध्यमाला ('म'ला). उरलेला बारीक फरक घोडीमागचे (घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती) मणी सरकवून काढायचा.

त्यानंतर सूत. तार आणि घोडी यांच्यामधला हा दोरा केसभर पुढे-मागे केला की एका जागी तार उघडते आणि झंकार सुटतो. ती जागा चुकली की तार एक तर मुकी होते, नाही तर नुसती भणभणते. दोरा हलला की सूरही किंचित हलतो, म्हणून पुन्हा तपासा. खर्ज नीट लागला तर त्यातून गंधार ('ग') ऐकू येतो. पेटीचा गंधार त्याहून सुमारे १४ सेंट चढा, म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा हिस्सा. पेटीवर वाढलेल्या कानाला हा फरक इथेच कळतो. पूर्वी गवयाच्या मागे तानपुरा घेऊन बसणाऱ्या दोन शिष्यांचं निम्मं शिक्षण तिथेच व्हायचं. त्या जागी आता इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची डबी असते.

दोऱ्यानंही तार उघडेना, तर घोडीवर तारांच्या खाचा पडल्यात असं समजा. मग जवारी काढून घ्यावी लागते: घोडीचा माथा कानशीनं घासून पुन्हा किंचित उतरता करायचा. हे घरी करू नका. जास्त घासलं गेलं की घोडीच बदलावी लागते. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आनंद आहे. पण तिथल्या कारागिरांचं जवारीचं काम वाजणाऱ्या तानपुऱ्यांवर चालतं. भिंतीला टेकवलेल्या तानपुऱ्याची घोडी झिजत नाही.

घेतलाच तर एवढं पाळा. प्रवासात तारा सैल करा आणि भोपळ्यावर भार येऊ देऊ नका. तडकला की आवाज गेला. कार्यक्रमाआधी अर्धा तास तो सभागृहातच ठेवा, कारण एसीत शिरल्यावर सूर हलतो. उन्हाळ्यात खुंट्या घसरतात, त्यांना खडू लावा. पावसाळ्यात त्या फुगून अडकतात, तेव्हा जोर न लावता, दाबून न फिरवता, आधी थोडी बाहेर ओढून मग वळवा.