शीर तुंबली, आणि मी म्हणालो उकरा

दाढी करताना डाव्या डोळ्यात साबण गेला म्हणून तो मिटला, तर आरशात मला हनुवटीच नाही! नाकापर्यंत मळकट चेहरा, खाली नुसता धुरळा. उजवा डोळा कधीपासून असा होता, देव जाणे. बीपी निघालं 180/110. गोळ्या मीच बंद केल्या होत्या, बरं वाटत होतं म्हणून.

पडद्याच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "काका, पडद्याची वरची शीर तुंबलीय." नीरा उजव्या कालव्यावर 31 वर्षं कालवा निरीक्षक होतो मी. पटकन बोलून गेलो, "मग उकरा की! एकदाच काय ते ऑपरेशन करून टाका."

त्यांनी कागदावर काढून दाखवलं. धमनी शिरेवरून आडवी जाते, आणि त्या जागी दोघींना मिळून एकच वेष्टण असतं. बीपीने धमनी जाड, कडक होते, खालची शीर चेपते, रक्त रेंगाळतं आणि गुठळी धरते. मला लगेच कालव्याखालची ओढ्याची मोरी दिसली. वरचा भराव बसला की मोरी चेपते, मग वरच्या अंगाला पाणी फुगतं आणि काठ पाझरायला लागतात. तो पाझर म्हणजे पडद्याची सूज. माझ्या पडद्याची जाडी 540 मायक्रॉन भरली (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). असायला हवी अडीचशेच्या आसपास.

उकरायचे प्रयोगही झालेत म्हणे. 1988 मध्ये ते वेष्टण कापून शीर मोकळी करून पाहिली. मुख्य शीर तुंबली तर डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या कडेला चीर द्यायची, असंही 2001 मध्ये निघालं. पण शीर ती केवढी, केसाहून जरा जाड! नजर सुधारेलच याची खात्री नाही. उलट रक्तस्राव, मोतीबिंदू, पडदा सुटण्याची भीती. पुढे इंजेक्शनं आली आणि ही ऑपरेशनं मागे पडली.

इंजेक्शन थेट डोळ्यात. ऐकूनच आमची ही बाहेर जाऊन बसली. थेंबांनी डोळा बधिर करतात, पापण्यांना चिमटा लावतात. टोचतं त्यापेक्षा नंतर आयोडीन जास्त चुरचुरतं. त्याने सूज उतरते, शीर उघडत नाही. म्हणून दर महिन्याला वारी. चार घेतली, मग धाकटीचं लग्न निघालं आणि मी जायचं सोडलं. चूक माझीच.

सात महिन्यांनी एका दुपारी डोळ्यात काजळी उतरली. रक्त न पोचलेल्या भागात कच्च्या नव्या शिरा फुटल्या होत्या, त्यांतली एक गळली. शेवटी ऑपरेशन झालंच, पण शिरेचं नव्हे. बुबुळाशेजारी तीन बारीक भोकं पाडून आतला रक्ताळलेला जेलीसारखा द्रव काढला आणि कोरड्या भागावर लेझर मारलं. डोळा बधिर, मी जागा. कटरची टकटक ऐकू येत होती.

आता 6/18 दिसतं, म्हणजे चांगल्या डोळ्याला 18 मीटरवरून दिसतं ते मला 6 मीटरवरून. हनुवटी परत आली, थोडी वाकडी.

परवा मॅडमनी नवा फोटो दाखवला. शीर अजून तुंबलेलीच आहे. पण अडथळ्याला वळसा घालून बारीक वाटा निघाल्यात, नागमोडी, आणि या चांगल्या, गळत नाहीत. कालव्यातून रात्रीत चोरून काढलेल्या पोटचाऱ्या वाटल्या मला. असल्यांचे पंचनामे करण्यात सगळी नोकरी गेली; या मात्र राहू दे म्हटलं.