तुम्ही विचारलंत म्हणून : मॅमथ कशाने संपले?

प्राचीन प्राण्यांवर बोलायला शाळा-वाचनालयांत जाते, तेव्हा शेवटी हा प्रश्न हमखास येतो : मॅमथला, म्हणजे हिमयुगातल्या त्या केसाळ, हत्तीसारख्या प्राण्याला, माणसाने मारलं की हवामानाने? विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवं असतं. ते मी देत नाही. मॅमथ सगळीकडे एकाच वेळी, एकाच कारणाने संपलेले नाहीत.

हिमयुगात युरोपपासून सायबेरियामार्गे थेट कॅनडापर्यंत थंड, कोरडी गवताळ माळरानं पसरलेली होती. केसाळ मॅमथ त्या गवतावर जगायचा. सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी हिमयुग सरलं, ओल वाढली आणि गवताच्या जागी झुडपं, शेवाळ, दलदल आली. एवढ्या मोठ्या जनावराचं त्यावर कसं भागणार? हवामानाला दोष देणाऱ्यांचं म्हणणं इथवर पटतं.

पण सव्वा लाख वर्षांपूर्वीही पृथ्वी अशीच तापली होती आणि तेव्हा मॅमथ तगले होते. मग याच खेपेला काय वेगळं होतं? या खेपेला शिकार करणारा माणूस उत्तरेत दूरवर पोहोचलेला होता. सायबेरियात याना नदीकाठी मॅमथच्या हाडात रुतलेले शस्त्राचे तुकडे सापडले आहेत. युक्रेनमधल्या मेझिरिचला तर माणसांनी मॅमथच्या हाडांचे निवारे उभारले होते. मॅमथचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक म्हणजे आपला आशियाई हत्ती. हत्तीण जवळपास २२ महिने गाभण असते, एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते आणि पुढचं व्हायला काही वर्षं जातात. मॅमथचंही असंच असणार. आधीच रोडावलेल्या कळपातून दरवर्षी थोडी जरी जनावरं मारली गेली, तरी ती तूट भरून निघत नाही.

मुख्य भूमीवरचे मॅमथ सुमारे १०,००० वर्षांपूर्वीपर्यंत जवळजवळ संपले. उरले ते बेटांवर, आणि मला खरं बोलायचं असतं ते या बेटांबद्दल.

अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात सेंट पॉल नावाचं बेट आहे, आज जेमतेम शंभरेक चौरस किलोमीटरचं. समुद्र चढला तसे तिथले मॅमथ अडकले. तिथल्या एका तळ्याच्या तळाचा गाळ संशोधकांनी नळीने उपसून थरांनुसार तपासला. खालच्या थरांत मॅमथचा डीएनए मिळतो, मोठ्या जनावरांच्या शेणावर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणूही मिळतात. सुमारे ५,६०० वर्षांपूर्वीच्या थरापाशी दोन्ही थांबतात. त्याच सुमारास तळं उथळ आणि गढूळ होत गेल्याच्या खुणा आहेत. बेट आक्रसलं, पाऊसमान घटलं, गोडं पाणी मोजक्या जागी उरलं. तहानलेले मॅमथ तिथेच गर्दी करत, काठची झाडी तुडवत, आणि उघड्या काठांची माती धुपून तळ्यात येई. म्हणजे ज्या पाण्यावर जीव तगून होता, ते त्यांच्याच पायांनी आणखी लवकर बिघडलं. त्या बेटावर माणूस पोहोचला तो अठराव्या शतकात. हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. दोष द्यायला तिथे कुणीच नाही.

शेवटचे मॅमथ आर्क्टिक महासागरातल्या रँगेल बेटावर साधारण ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत होते. म्हणजे मोहेंजोदडोत मुद्रांवर हत्ती कोरले जात होते, त्या काळात मॅमथ जिवंत होते! मुलं इथे हटकून चमकतात. जनुकांच्या अभ्यासातून २०२४मध्ये पुढे आलं, की या बेटावर सुरुवातीला फार तर आठेक जनावरं अडकली असावीत. त्यांची दोन-तीनशे झाली आणि पुढची सुमारे सहा हजार वर्षं तेवढीच टिकून राहिली. जवळच्या नात्यांतल्या संकराने त्यांची जनुकं कमकुवत झाली होती, पण शेवट त्याने झालेला दिसत नाही. तो अचानक आला. रोगाची साथ, एखादं वादळी वर्ष, वणवा, अंदाज बरेच आहेत. बेटावरच्या माणसाच्या सर्वांत जुन्या खुणा मात्र त्यानंतर काही शतकांच्या आहेत.

म्हणून माझं उत्तर असं : सेंट पॉलचा ठपका मी माणसावर ठेवत नाही, रँगेलचाही आजच्या पुराव्यावर ठेवता येत नाही. मुख्य भूमीवरचा मात्र ठेवते. हवामानाने तिथे मॅमथला कोपऱ्यात ढकललं, आणि त्या कोपऱ्यात भाला घेऊन आपण उभे होतो.