क्रिएटिनिन चढलं, गोळी चालूच

मंगळवार, रात्री

सकाळी रिपोर्ट बघितला आणि पोटात गोळा आला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, १.९ चं २.२ झालंय. टेल्मिसार्टन सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झालेत. किडनी वाचवायला दिलेली गोळीच किडनीच्या मुळावर उठली की काय? आजची गोळी घेतलीच नाही. डॉक्टरांना हे सांगताना ओशाळायला झालं, पण सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. कागदावर एक गाळणी काढली, आत येणारी एक नळी, बाहेर जाणारी एक. ही गोळी बाहेरची नळी सैल करते. मग गाळणीतला दाब उतरतो आणि लघवीतून प्रथिनं गळायची कमी होतात. पण दाब उतरला की गाळण्याचं कामही थोडं मंदावतं, म्हणून सुरुवातीला आकडा चढतो. ३० टक्क्यांपर्यंत चालवून घेतात, माझा १६ टक्केच चढलाय. त्यांचं लक्ष खरं तर पोटॅशियमकडे होतं, कारण या गोळीने ते वाढू शकतं. ते ४.८ निघालं, तेव्हा कुठे त्या खुर्चीत मागे टेकल्या. उलट्या-जुलाब झाले तर मात्र आधी फोन करायचा. अंगातलं पाणी कमी झालं की हीच गोळी तात्पुरती थांबवावी लागते.

डापाग्लिफ्लोझिनबद्दलही विचारून घेतलं. ते मधुमेहाचं औषध, आणि मला तर मधुमेह नाही! पण २०२० साली ४,३०४ किडनीच्या रुग्णांवरच्या अभ्यासाचा निकाल आला, त्यात जवळपास तिसरा हिस्सा मधुमेह नसलेल्यांचा होता. किडनीची घसरण त्यांच्यातही मंदावली. घसरण थांबत नाही, मंदावते. हा शब्द त्यांनी दोनदा वापरला.

फॉस्फरसच्या गोळीचा घोळ माझाच. मी ती जेवणानंतर तासाभराने, निवांत घ्यायचो. ती अन्नातला फॉस्फरस पोटातच बांधून ठेवते, म्हणजे जेवणाबरोबरच पोटात जायला हवी. तीन महिने फुकट! आता पट्टी ताटाशेजारीच ठेवलीय.

आणि खणातली आयब्युप्रोफेन मुलाच्या हवाली केली. गुडघ्यासाठी मी ती अधूनमधून घ्यायचो, कुणाला न सांगता. ती किडनीकडे जाणारं रक्तच कमी करते म्हणे. त्याऐवजी पॅरासिटामॉल, तेही मोजून.

गुडघा आत्ताही ठणकतोय.