उणे पंधरात कॅमेरा: पीटर्सबर्गला जाण्याआधी गावात करायची तयारी

२२ डिसेंबरला वर्ध्यात भरदुपारी सूर्य क्षितिजापासून जवळपास ४६ अंश वर असतो. त्याच दिवशी रशियातल्या सेंट पीटर्सबर्गला तो सात अंशसुद्धा चढत नाही. सकाळी दहाला उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. लग्नाच्या आउटडोअर शूटला ज्या तिरप्या उन्हासाठी आपण नवरा-नवरीला संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवतो, ते ऊन तिथे दिवसभर असतं. अर्थात पडलं तर. डिसेंबरात आभाळ बहुतेक वेळा भरलेलंच राहतं. तारखा आपल्या हातात असतील तर फेब्रुवारीचा मध्य धरावा. तोवर दिवस नऊ तासांचा झालेला असतो.

खरी मजा सूर्य बुडाल्यानंतर. आपल्याकडे डिसेंबरात निळा उजेड २४ मिनिटांत आटोपतो, तिथे तो जवळपास तासभर टिकतो. ट्रायपॉड उचलून दुसऱ्या पुलावर जायचं आणि पुन्हा लावायचा, एवढी सवड मिळते. मात्र नेव्हा नदीवरचे पूल रात्री उघडतानाचे फोटो डोक्यात असतील तर ते काढून टाका. पूल जहाजांसाठी उघडतात आणि जहाजं एप्रिल ते नोव्हेंबर चालतात.

बर्फ करडा येतो, ही सगळ्यांची पहिली तक्रार. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतं, म्हणून पांढरं दिसलं की ते फोटो काळवंडवतं. याच्या सरावाला रशिया लागत नाही. जानेवारीत जवळच्या जिनिंगवर जा आणि कापसाच्या गंजीने पूर्ण फ्रेम भरा. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशोबापेक्षा फोटो किती उजळ घ्यायचा तो आकडा) शून्यावर ठेवलं तर कापूस धुवायला काढलेल्या गोधडीसारखा दिसेल. मग +१, +१.३, +१.७ असं चढत जा. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजवीकडे पांढरं) उजव्या कडेजवळ पोचावा, पण कडेला चिकटू नये. चिकटला की कापसाचे तंतू गेले, नुसता पांढरा डाग उरला. आता गंजीवर उभा असलेला गडद कपड्यातला माणूस फ्रेममध्ये मोठा घ्या. तोच आकडा लगेच जास्त व्हायला लागेल. बर्फातही हेच होतं. नुसत्या गोठलेल्या नदीला +१.७ लागतं, पण समोर पीटर-पॉल किल्ल्याची भिंत आली की निम्म्यात भागतं. रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढा. सावलीतला बर्फ निळा असतो तो निळाच राहू द्या. व्हाइट बॅलन्सने (रंगछटा जुळवणाऱ्या सेटिंगने) पिवळा केला की थंडीच निघून जाते.

तो किल्ला नदीच्या उत्तर काठावर, हिवाळी राजवाडा दक्षिण काठावर. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेलाच रेंगाळतो. त्यामुळे राजवाड्याच्या बाजूने किल्ल्याकडे पाहिलं तर १२२.५ मीटर उंच सोनेरी मनोरा समोरून उजळतो. उलट किल्ल्याच्या काठावरून राजवाडा नुसती काळी आकृती दिसतो. दोन्ही फोटो चांगले, पण कुठला हवा ते आधी ठरवून निघा. सहा तासांच्या दिवसात दोन चकरा परवडत नाहीत.

थंडीत बॅटरी खराब होत नाही, सुस्त होते. विजेला होणारा आतला विरोध वाढतो आणि निम्मा चार्ज असतानाही कॅमेरा बंद पडतो. शरीराच्या उबेला ठेवली की बरीचशी परत येते. म्हणून तीन बॅटऱ्या न्या: एक कॅमेऱ्यात, दोन आतल्या शर्टाच्या खिशात, आणि आलटून पालटून वापरा. कोटाच्या खिशात नको. तिथल्या संग्रहालयांत कोट दाराशीच क्लोकरूममध्ये द्यावा लागतो. गोठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, शून्याखाली चार्ज केल्यास ती कायमची बिघडते.

कॅमेरा मात्र कोटाच्या आत घेऊ नका, तो बाहेर थंडच राहू द्या. घात होतो तो उबेत शिरताना. बाहेर उणे पंधरा, आत अधिक बावीस; आतली दमट हवा थंड काचेवर लागली की दव धरतं, लेन्सच्या बाहेर आणि आतही. किराणा दुकानातल्या आइस्क्रीमच्या डीप फ्रीजरमध्ये लेन्सवर लावायच्या काचेचे दोन जुने यूव्ही फिल्टर रात्रभर ठेवून बघा, एक उघडा आणि एक घट्ट झिपच्या पिशवीत. सकाळी बाहेर काढताच उघडा पांढरा होतो. पिशवीतला कोरडा राहतो, दव पिशवीच्या बाहेरून धरतं. तिथे हेच करायचं. दाराच्या बाहेरच मेमरी कार्ड काढून घ्यायचं, कॅमेरा पिशवीत घालायचा, हवा दाबून काढायची आणि बॅगेची चेन लावायची. मग दोन तास हात लावायचा नाही. मेट्रोतही नाही; अॅडमिरल्टेस्काया स्टेशन ८६ मीटर खोल आहे आणि आत ऊब असते. चुकून दव धरलंच तर कॅमेरा चालू करू नका, लेन्स काढू नका आणि पुन्हा बाहेर पळू नका. बाहेर गेलात की तेच पाणी आतल्या आत गोठतं.

हीच गोष्ट सेंट आयझॅक चर्चवर भल्या मोठ्या आकारात दिसते. कडाक्याच्या थंडीनंतर दमट, उबदार वारा सुटला की तिथले लाल ग्रॅनाइटचे खांब हिमकणांनी पांढरे होतात. दगड अजून थंड असतो आणि हवेतली वाफ त्याच्यावर गोठते. हवामानात असा बदल दिसला की बाकीचे बेत रद्द करा.

किरकोळ पण कामाचं: ट्रायपॉडच्या पायांवर एसीच्या तांब्याच्या नळीला चढवतात तो काळा फोम चढवा, फ्रीजच्या मिस्त्रीकडे मिळतो. लेन्सवरचा बर्फ ब्रशने झाडा, फुंकू नका. श्वास तिथेच गोठतो. पडतं हिम फोटोत थिजवायला शटर १/२५० सेकंद आणि त्याच्या रेघा हव्या असतील तर १/३०. ऑटोफोकस हिमकणांवर भरकटला तर मॅन्युअल करा. ड्रोन घरीच ठेवा. आपली व्हिसा-मास्टरकार्डची कार्डं मार्च २०२२ पासून तिथे चालत नाहीत, रोख न्या. जास्तीच्या बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेतच असाव्यात.

आणि फुटपाथवर लाल-पांढरी पट्टी बांधलेली दिसली तर तिच्याखालून वाकून जाऊन कमान टिपण्याचा मोह नको. वर छतावरचा बर्फ आणि हाताएवढ्या लांब बर्फाच्या सुळ्या खाली पाडत असतात. रस्ता ओलांडा आणि लांब लेन्स लावा.