हाताचं बीपी झालं, मग पायाचं कशाला?

तान्ह्या बाळाच्या हाताचं बीपी घेतल्यावर पायाचं कशाला आणि जांघेतली नाडी कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. इथे इंदूरला रामबाग, लोकमान्य नगर भागातल्या आया बाळाला तपासायला आणतात. आम्ही जांघेत बोटं ठेवली की प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, छाती तपासलीत ना? मग तिथे काय बघताय?"

महाधमनी, म्हणजे शरीराची मुख्य रक्तवाहिनी, हृदयातून निघून कमान घेते. डोक्याच्या नि हातांच्या फांद्या त्या कमानीवरच फुटतात. काही बाळांत डाव्या हाताची फांदी सुटल्यावर लगेच महाधमनी जन्मतः चिमटलेली असते (कोआर्क्टेशन). चिमट्याच्या अलीकडे दाब चढतो आणि पलीकडे, पोटाला आणि पायांना, रक्त कमी पोचतं. एरवी पायाचं बीपी हाताइतकं किंवा थोडं जास्तच असतं. ते उजव्या हातापेक्षा २० किंवा त्याहून जास्त आकड्यांनी कमी आलं, तर टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, टाळू नये. उजवाच हात घ्यायचा, कारण कधीकधी डाव्या हाताची फांदीही चिमट्यात सापडते. बीपीचा पट्टा बाळाच्या मापाचा हवा आणि बाळ रडत असताना आलेला आकडा धरू नये.

नाडी बघताना बाळ शांत हवं. जांघेच्या घडीच्या मध्यावर बोटांची टोकं अगदी हलकी टेकवायची, जोर दिला की नाडी बोटाखालीच दबते. त्याच वेळी दुसऱ्या हाताने उजव्या कोपराची नाडी धरायची. जांघेतली मंद लागली, उशिरा लागली किंवा लागलीच नाही, तर संशय घ्यायचा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती पहिल्या दोन आठवड्यांत. पोटात असतानाची डक्टस नावाची नळी उघडी असेपर्यंत चिमट्यापलीकडे रक्त जातं, म्हणून जन्मल्यावर नाडी नीट लागते आणि ऑक्सिजनची तपासणीही ठीक येऊ शकते. घरी गेल्यावर नळी मिटते. दूध ओढताना कपाळावर घाम, धाप, पाय गार, लंगोट कोरडे. मालिश करणाऱ्या आजीच्या हाताला हा गारवा आधी कळतो. "थंडी असेल" म्हणून थांबू नका, त्याच तासाला निघा. नळी पुन्हा उघडायला प्रोस्टाग्लँडिन या औषधाची ड्रिप लागते. तिने बाळाचा श्वास थांबू शकतो, म्हणून दुसऱ्या गावी हलवताना अँब्युलन्समध्ये श्वासाची नळी घालू शकणारं माणूस हवंच.

तान्ह्या बाळात चिमटलेला भाग कापून टोकं जोडतात. इतक्या लहानपणी नुसता चिमट्यात फुगा नेऊन फुगवला तर बहुधा पुन्हा आवळतं. वजन २०-२५ किलोच्या पुढे गेलं की जांघेतल्या रक्तवाहिनीतून स्टेंट, म्हणजे जागा उघडी ठेवणारी जाळीची नळी, घालता येतो. मोठ्या मुलांत डोकेदुखी, पळताना पोटऱ्या भरून येणं आणि वयाला न शोभणारं बीपी एवढंच दिसतं. अशा मुलाला पायाचं बीपी न बघता गोळ्या सुरू करणं आम्हाला मुळीच पटत नाही.

ऑपरेशननंतरही बीपी चढू शकतं आणि जागा पुन्हा आवळू शकते, त्यामुळे तपासण्या जन्मभर चालू राहतात. ऑपरेशनात चिमटलेली जागा रुंद करायला डाव्या हाताची धमनी वापरली असेल, तर फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या: बीपी उजव्या हातालाच.