राजरटातली नर्सबाई आणि आमची आशाताई

आमच्या झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातले, बौद्ध उपासक-उपासिका दीक्षाभूमीला दरवर्षी जातात, जमलं तर बोधगयेला. यंदा जानेवारीत साकोली तालुक्यातला एक गट श्रीलंकेला निघाला आणि काकूंच्या सोबतीने मीही निघाले. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने नेलेल्या फांदीचा बोधिवृक्ष अनुराधापुरात पाहायचा आणि बाबासाहेब 1950 साली बौद्ध परिषदेसाठी जिथे गेले होते ते कॅंडी पाहायचं, असा बेत होता. काकू आमच्या गावच्या आशाताई, म्हणजे घरोघर फिरणाऱ्या आरोग्य स्वयंसेविका. पाचवीपासूनची पोरं त्यांना नावाने नाही, आशाताई म्हणूनच हाक मारतात. हा प्रवास मला कळला तो त्यांच्यामुळे.

कोलंबोहून उत्तरेला निघालं की ओली हिरवळ मागे पडते आणि कोरडा मुलूख लागतो. त्या भागाचं जुनं नाव राजरटा. तिथे दर दोन-चार मैलांवर तळं, तळ्याला मातीची पाळ, पाळीवर झाडं आणि पाळीखाली धानाच्या बांध्या. आमच्याकडे तेव्हा धान मळून मोकळे झालेले होते, तिकडे हिवाळी पावसावरचं पीक हिरवंगार उभं होतं. खिडकीतल्या बायका आपसात म्हणाल्या, "हे तं आपलंच हाये." कलावेव हा पाचव्या शतकात धातुसेन राजाने बांधलेला तलाव. त्याच्यापासून अनुराधापूरपर्यंत 87 किलोमीटरचा कालवा गेला आहे आणि त्याच्या बऱ्याच भागात उतार किलोमीटरला जेमतेम दहा सेंटिमीटर. तो अजूनही वाहतो. आपल्या भंडारा-गोंदियातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोहळी समाजाने अशाच हिकमतीने बांधले होते. 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि पुढे गाळ कुणी काढायचा हे कुणाचंच काम उरलं नाही. आमच्या गावच्या तलावात निम्म्यावर बेशरम हे तण माजलं आहे. हे आठवून मला खरोखर वाईट वाटलं, कारण कलावेवच्या काठावर तसं काही दिसलं नाही.

आमचा वाटाड्या बोधगयेत राहून आलेला, हिंदी छान बोलणारा. त्याने दुपारी घरी जेवायला नेलं. भात, डाळ, सांबोल नावाची नारळाची लालभडक चटणी. जेवण चालू असतानाच तिथली नर्सबाई आली. सरकारी मिडवाइफ. घरात त्याच्या सुनेचं तान्हं बाळ होतं. तिने दाराच्या चौकटीला काटा अडकवला, बाळाला झोळीत ठेवलं, वजन घेतलं आणि कार्डावरच्या रेषेवर एक ठिपका दिला. काकू ताट सोडून उठल्या. भाषा एक अक्षर कळत नव्हती, पण ठिपका हिरव्या पट्ट्यात आहे की नाही हे त्यांनी लगेच पाहिलं आणि मान डोलावली. मग वाटाड्याला मध्ये घेऊन दोघींच्या गप्पा रंगल्या. दूध पुरतं का, टाके कोरडे झाले का, घरात सासू कशी आहे. सगळे प्रश्न तेच.

फरक निघाला तो नोकरीत. त्या बाईंचं दीड वर्षाचं प्रशिक्षण झालेलं. कायम सरकारी नोकरी, महिन्याचा पगार, निवृत्तीनंतर पेन्शन. ही व्यवस्था तिथे 1926 पासून आहे, कालुतारा या शहरातून सुरू झालेली. आपल्याकडे आशा आल्या 2005 मध्ये, त्याही स्वयंसेविका म्हणून. मानधन आणि कामागणिक मोबदला. काकूंनी विचारलं, "आजारी पडल्यावर तुमचे पैसे कापतात का?" त्या बाईंना प्रश्नच समजेना.

आकडे बघायचे तर बाळंतपणात दगावणाऱ्या मातांचं प्रमाण श्रीलंकेत 2020 च्या अंदाजाप्रमाणे लाख जिवंत जन्मांमागे 29. भारताचं 2018-20 मध्ये 97, पण महाराष्ट्राचं 33. म्हणजे आपलं राज्य फार मागे नाही, आणि यात काकूंसारख्या बायकांच्या पायपिटीचा वाटा मोठा आहे असं मी ठामपणे म्हणेन. सरासरी आयुष्य मात्र तिकडे सुमारे 77 वर्षं, आपल्याकडे 72 च्या आसपास. तिकडे शाळा 1945 पासून मोफत. पांढऱ्या गणवेशातल्या मुली सायकलवरून घोळक्याने जाताना दिसतात. भिंतींवर ट्यूशनच्या जाहिराती तिथेही चिक्कार आहेत, पण गावचा मुलगा सहसा गावातल्या सरकारी शाळेतच जातो. आमच्याकडे दोन पैसे हाती आले की पोरगं जिल्हा परिषदेतून काढून कॉन्व्हेंटच्या व्हॅनमध्ये बसवतात.

तिकडे सगळं गोड आहे असं नाही. 2021 मध्ये सरकारने रासायनिक खतांवर एकाएकी बंदी घातली, धान बसलं, काही महिन्यांत बंदी उठवावी लागली. 2022 च्या एप्रिलमध्ये देशाने परदेशी कर्जाची फेड थांबवली. पेट्रोल मिळेना तेव्हा ती नर्सबाई स्कूटी घरी ठेवून सायकलवर हिंडली. "औषधं नव्हती, पण काटा तर होता," ती म्हणाली. डॉक्टर देश सोडून चालले आहेत. राजरटातल्या शेतकऱ्यांना मूत्रपिंडाचा आजार जडतो, त्याचं नेमकं कारण अजून ठरलेलं नाही, म्हणून गावोगाव शुद्ध पाण्याची यंत्रं. तांदूळ तेव्हा किलोला दोनशे श्रीलंकी रुपयांच्या पुढे, म्हणजे आपले साठच्या वर. आमच्याकडे माणशी पाच किलो धान्य रेशनवर फुकट मिळतं हे ऐकून वाटाड्याच्या बायकोने पुन्हा पुन्हा विचारलं, "दर महिन्याला?" आपल्याकडचं हे मोल मला तिथे बसून कळलं.

परतल्यावर बचत गटाच्या बैठकीत काकूंनी हे सगळं सांगितलं. मंदिरं-विहारं दोन मिनिटांत आटोपली, नर्सबाईवर तासभर बोलल्या. एक म्हातारी म्हणाली, "तिले पेन्शन हाये, तं तुले काहून नाई?" काकू म्हणाल्या, "आम्ही मोर्चे काढतो, तुमी कधी येत नाई." मग तिथेच ठरलं: येत्या ग्रामसभेत दोन ठराव, आशांना कायम नोकरी द्यावी हा एक, आणि तलावातली बेशरम काढून गाळ उपसावा हा दुसरा. पहिला ठराव आपल्या हातातला नाही असं सरपंच म्हणतील, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी बायकांनी तोच आधी लिहायला लावला.